बक्षीताईंचे एक पान आणि एक कबुली

ताईंची आणि माझी ओळख माझ्या अकरा पानांच्या एका उत्तरामुळे झाली, आणि ती सुखाची मुळीच नव्हती. मी विधी महाविद्यालयात पहिल्या वर्षाला होतो. वडील बँकेच्या नोकरीत बदली होऊन अकोल्याहून उज्जैनला आलेले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि पुस्तकांत इंग्रजी, अशा तिन्ही भाषांत मी सारखाच कच्चा होतो. करार कायद्यावर प्रा. निर्मला बक्षी यांनी घरून लिहून आणायला एक प्रश्न दिला होता. बाकीच्यांनी चार-पाच पाने लिहिली. मी अकरा लिहिली आणि मनातून खूष होतो. उत्तर परत आले तेव्हा त्यावर गुणच नव्हते. आठव्या पानाच्या समासात लाल शाईने एवढेच लिहिले होते : ‘इथून सुरुवात कर.’

मी तावातावाने त्यांच्या खोलीत गेलो. “मैडम, नंबर नहीं दिए आपने,” असे म्हणालो. त्यांनी चष्म्यावरून पाहिले आणि मराठीत विचारले, “बँकेतल्या काळ्यांचा मुलगा ना तू?”

“हो.”

“मग बस. तुझा मुद्दा चांगला आहे, पण तो आठव्या पानावर आलाय. पहिली सात पानं कुणासाठी लिहिलीस?”

“आपल्यासाठी,” मी खरे तेच सांगितले.

“मला करार कायदा येतो रे,” त्या म्हणाल्या आणि हसल्या. मग त्यांनी मला एक माणूस डोळ्यांसमोर आणायला सांगितला. तराण्याहून किंवा महिदपूरहून सकाळच्या बसने निघालेला एक वकील देवास गेटला उतरतो. पेशीला, म्हणजे सुनावणीला, अर्धा तास उरलाय. बगलेत फाइल आहे, चहासुद्धा झालेला नाही. “त्याच्याकडे दहा मिनिटं आहेत. त्याला तुझ्या अकरा पानांतलं काय हवंय, तेवढंच एका पानावर लिही. मग नंबर देते.”

ते एक पान मी पाच वेळा लिहिले. पाचव्या खेपेला गुण मिळाले. ते किती होते हे आज आठवत नाही, पण कागद परत देताना “आता हे त्याच्या खिशात राहील,” असे त्या म्हणाल्या होत्या, ते मात्र पक्के लक्षात आहे.

त्यांना अभिप्रेत असलेला तो वकील काल्पनिक नव्हता, हे मला नंतर कळले. ताई त्याच्यासाठी कित्येक वर्षे लिहीत होत्या. ‘पेशी से पहले’ या नावाने दर महिन्याला कायद्याच्या एकाच मुद्द्यावर एक पान त्या हिंदीत लिहीत. जिल्हा न्यायालयाच्या बार रूममधल्या फलकावर ते लागे, आणि तिथून त्याच्या झेरॉक्स प्रती तहसिलींपर्यंत जात. उशिरा अपील करताना काय सांगायचे, साक्षीदार उलटला तर पुढचा प्रश्न कोणता, मृत्युपत्र सिद्ध करायला कोणाला उभे करायचे, असे रोज लागणारे विषय. मोठ्या शहरांतल्या जाडजूड नियतकालिकांत प्राध्यापकांचे लेख येतात आणि बढतीच्या वेळी तेच मोजले जातात. ताईंच्या या पानांना त्या हिशेबात जागा नव्हती. निवड समितीतल्या एका सदस्यांनी त्यांच्यासमोर पानांचा गठ्ठा उचलून विचारले होते, “ये पर्चे क्या हैं?” ताई म्हणाल्या, “ये वो चीज़ है सर, जो पढ़ी जाती है.” त्या वर्षी बढती दुसऱ्यांना मिळाली. ताईंनी पुढच्या महिन्याचे पान वेळेवर लावले.

ताईंचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेची हजेरी लिहिण्याच्या कामावर माळव्यात आले, असे त्यांच्या घरात सांगतात. कोणी त्याचे कौतुक केले की ताई म्हणतात, “आमच्या घरात लढलं कुणीच नाही. सगळे लिहीतच बसले.” पण बसून लिहिणे हा त्यांचा स्वभाव कधीच नव्हता. दर शुक्रवारी दुपारी तास संपले की त्या न्यायालयात जात आणि कुठल्या तरी कोर्टात मागच्या बाकावर बसत. तिथे वकील कुठे अडखळतात, न्यायाधीश कुठला प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, हे त्या एका छोट्या वहीत टिपून ठेवीत. पुढच्या पानाचा विषय तिथून येई.

लिहून झालेले पान त्या आधी रफीकभाईंना वाचून दाखवीत. रफीकभाई आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयात लिपिक होते. कायद्याची पदवी त्यांच्यापाशी नव्हती, पण संस्थेच्या कामासाठी न्यायालयाच्या नकल शाखेत, म्हणजे निकालांच्या अधिकृत प्रती मिळतात त्या खिडकीवर, त्यांनी उभी हयात घालवली होती. वाचताना रफीकभाईंच्या कपाळाला आठी पडली की ताई ते वाक्य खोडीत. एकदा नकलेच्या अर्जावर ताई स्वतः पान लिहायला बसल्या आणि अर्ध्यावर थांबल्या. “हे मला पुस्तकातून माहीत आहे, रफीकभाईंना हातातून माहीत आहे,” असे म्हणून त्यांनी कागद त्यांच्यापुढे सरकवला. रफीकभाई घाबरले. “मैडम, मैं क्या लिखूँगा? मैं तो बाबू आदमी हूँ.” पण तीन आठवडे लागून ते पान झाले, आणि खाली नाव रफीकभाईंचे आले.

त्यावर प्राध्यापकांच्या बैठकीत कुरबुर झाली. प्राध्यापकांच्या मालिकेत लिपिकाचे नाव कसे, असे एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले. ताईंनी शांतपणे विचारले, “त्यात चूक काही आहे का?” चूक नव्हती. “मग विषय संपला.” ते पान त्या मालिकेतले सर्वांत जास्त वाचले गेलेले असावे. आजही नकल शाखेबाहेर नवा वकील गोंधळलेला दिसला की कोणीतरी सांगतो, रफीकभाई का पन्ना पढ़ लो. रफीकभाई आता निवृत्त आहेत. त्यांनी ते पान चौकट करून घरात लावले आहे.

मी वकील झालो, ज्येष्ठांच्या हाताखालून बाहेर पडून स्वतःचे टेबल मांडले, आणि ताईंच्या पानांवर विसंबणाऱ्यांपैकी एक झालो. एकदा टावर चौकात त्यांच्याबरोबर पोहे खात उभा होतो. बडनगरचे एक वयस्क वकील गर्दीतून वाट काढत आले आणि हात जोडून म्हणाले, “आप वही पन्ने वाली मैडम हैं ना?” ताई संकोचल्या. ते म्हणाले, “मैडम, हमारे यहाँ लाइब्रेरी के नाम पर आपकी फाइल है.” ते गेल्यावर ताईंनी हातातली बशी खाली ठेवली. मला वाटले आनंदाने. मग त्या म्हणाल्या, “हेमंत, हे ऐकून छाती दडपते रे. दुसरं पुस्तकच नाही म्हणतात. म्हणजे मी चुकले तर तपासणार कुणीच नाही.” तेव्हा मला तो विनय वाटला होता.

आता ज्या प्रसंगासाठी मी हा लेख लिहायला घेतला, तो सांगतो. त्यात माझीही बाजू फारशी चांगली नाही, पण ताईंबद्दल लिहायचे तर ते झाकून चालणार नाही.

वकिलीचे माझे तिसरे वर्ष चालू होते, आणि ताईंच्या निवृत्तीला थोडीच वर्षे उरली होती. त्या वर्षी नागपंचमीच्या सुमारास लागलेले पान एकतर्फी निकालावर होते. दावा लागला, समोरचा पक्ष हजर झाला नाही, तर न्यायालय एकाच बाजूचे ऐकून निकाल देते. तो निकाल रद्द करून घ्यायचा असेल तर तीस दिवसांत अर्ज करावा लागतो. हे तीस दिवस कुठून मोजायचे, हा त्या पानाचा विषय. ताईंनी लिहिले होते : समन्स रीतसर मिळाले असेल तर निकालाच्या तारखेपासून, मिळालेच नसेल तर निकाल कळल्याच्या दिवसापासून. आणि पुढे एक ओळ होती : समन्स वर्तमानपत्रात छापले गेले असेल, तर ते मिळाले असे धरतात.

ते पान वाचून आठवडाही झाला नसेल, तोच माझ्याकडे गेंदाबाई नावाची एक बाई आली. पन्नाशीची, विधवा, राम घाटावर फुलांची ताटे विकणारी. मुलीच्या बाळंतपणासाठी ती शाजापूरला गेली होती आणि नात अशक्त म्हणून कित्येक महिने तिथेच राहिली. तेवढ्यात नवऱ्याच्या चुलत भावाने तिच्या दोन खोल्यांच्या घरावर दावा लावला. समन्स घेऊन आलेल्या माणसाला कुलूप दिसले. मग ते वर्तमानपत्रात छापले गेले. गेंदाबाईला वाचता येत नाही. निकाल एकतर्फी लागला. वर्षभराने, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, न्यायालयाचा अमीन ताबा घ्यायला दारात उभा राहिला तेव्हा तिला पहिल्यांदा कळले. श्रावणातल्या सोमवारी निघणाऱ्या महाकालाच्या सवाऱ्यांचे, म्हणजे पालखीच्या मिरवणुकांचे दिवस होते, पोलीस सगळे बंदोबस्तात अडकलेले. म्हणून अमीन शेवटच्या सवारीनंतर पोलीस घेऊन येतो असे सांगून गेला.

मी तिचे कागद पाहिले. वर्तमानपत्राचे कात्रण त्यात होते. ताईंची ओळ माझ्या डोक्यात ताजी होती. समन्स छापले गेले, म्हणजे मिळाले. तीस दिवस निकालापासून, आणि निकाल वर्षापूर्वीचा. उशीर माफ करा असा अर्ज करता आला असता, पण एवढा उशीर कोण माफ करणार, असे मीच ठरवून टाकले. “बाई, अब कुछ नहीं हो सकता,” असे मी तिला सांगितले. तिने वाद घातला नाही. कागद पुन्हा घडी घालून पिशवीत ठेवले आणि म्हणाली, “ठीक है वकील साब. जो है सो है.” आणि गेली.

पुढे दोन आठवड्यांनी, एका शनिवारी संध्याकाळी मी ताईंकडे गेलो होतो. बोलता बोलता, अगदी कौतुकाने, मी म्हणालो, “ताई, आपलं पान लगेच कामाला आलं. एका बाईला खोटी आशा न दाखवता सरळ सांगता आलं.” आणि हकीकत सांगितली.

ताईंचा चेहरा बदलला. “कात्रण होतं म्हणालास?”

“हो.”

त्या उठल्या. कपाटातून मुदतीच्या कायद्याचे जुने, सुट्या पानांचे पुस्तक काढले, उभ्या उभ्याच पान उघडले आणि माझ्यापुढे धरले. एकतर्फी निकालाच्या नोंदीखाली बारीक अक्षरांत एक स्पष्टीकरण होते. त्याचा अर्थ स्पष्ट होता : या तीस दिवसांच्या मोजणीपुरते, वर्तमानपत्रात छापलेले समन्स हे रीतसर मिळालेले समन्स धरायचे नाही. म्हणजे गेंदाबाईचे तीस दिवस, अमीन दारात आला त्या दिवसापासून सुरू झाले होते.

“हे माझ्या कच्च्या कागदावर होतं,” ताई म्हणाल्या. आवाज अगदी खाली गेला होता. “पान भरत आलं होतं. दोन ओळी जास्त होत होत्या. मला वाटलं, इतकं बारीक कुणाला लागतं. मी त्या काढल्या आणि वरची ओळ तशीच राहू दिली.”

मी म्हणालो, “ताई, चूक माझीही आहे. मी मूळ कायदा उघडून पाहायला हवा होता.”

“हो, पाहायला हवा होता. ते तुझं तू बघ,” त्या म्हणाल्या. “त्या बाईचा पत्ता काय?”

माझ्याकडे पत्ता नव्हता. फोन तिच्याकडे नव्हता. कागद ती घेऊन गेली होती. मला फक्त तिचे नाव माहीत होते आणि ती राम घाटावर बसते एवढे. ताईंनी बोटांवर दिवस मोजले. तीस दिवसांतले सात उरले होते. पण शेवटची सवारी सोमवारी होती, आणि अमीन त्यानंतर कधीही येणार होता.

रविवारी सकाळी आम्ही राम घाटावर गेलो. ताईंचे गुडघे तेव्हाच दुखू लागले होते, पायऱ्या उतरताना त्या कठड्याला धरून एकेक पाऊल टाकत होत्या. दुसऱ्या दिवशीच्या सवारीसाठी घाटावर लाकडी अडथळे लागले होते आणि फुलवाल्या बायकांना नेहमीच्या जागांवरून उठवलेले होते. कोणी वर रस्त्यावर बसली होती, कोणी पुलाकडे. ताई प्रत्येकीपाशी थांबून विचारत होत्या. गेंदाबाई नावाच्या तिथे दोघी निघाल्या, आणि दोघीही आमच्या नव्हत्या. तासभर असा गेला. मी म्हणालो, “ताई, आपण बसा. मी बघतो.” त्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

शेवटी छत्रीखाली बसलेल्या एका वृद्ध पंडाजींनी सांगितले, “शाजापुर वाली गेंदा? वो तो तीन दिन से नहीं आई. मकान खाली कर रही है बेचारी. देवास गेट के पीछे रहती है, आटा चक्की वाली गली में.”

रिक्षा करून आम्ही तिथे पोहोचलो तेव्हा दारात हातगाडी उभी होती. तिच्यावर एक पत्र्याची पेटी, गुंडाळलेली गादी, पाण्याचे दोन हंडे. गेंदाबाई आतून भांड्यांचे गाठोडे घेऊन बाहेर येत होती. मला पाहून ती थबकली. “वकील साब, आप?”

मी काही बोलण्याआधीच ताई पुढे झाल्या. “गेंदाबाई, सामान अंदर रखो. चाबी किसी को मत देना.”

“आप जज हो?”

“नहीं. पढ़ाती हूँ. इन्होंने तुमको जो बताया, वो मेरा लिखा हुआ पढ़कर बताया. मैंने गलत लिखा था. तुम्हारे पास अभी छह दिन हैं.”

गेंदाबाईने ताईंकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग त्या गाडीकडे. तिला नेमके काय समजले ते मला सांगता येणार नाही. ती खाली उंबऱ्यावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडू लागली. ताई तिच्याशेजारी बसल्या. त्या गुडघ्यांनी त्या खाली कशा बसल्या, मला माहीत नाही. “मुझे माफ कर देना,” एवढेच त्यांचे वाक्य मी ऐकले. साठी ओलांडलेली, अर्ध्या जिल्ह्याच्या वकिलांची गुरू असलेली बाई एका फुलवालीची गल्लीत, चारचौघांसमोर माफी मागत होती, आणि त्यात दाखवण्याचा लवलेश नव्हता. मी गादी उचलून आत नेऊ लागलो. दुसरे काय करावे ते मला सुचले नाही.

मंगळवारी न्यायालय उघडताच मी अर्ज दाखल केला, आणि ताब्याला स्थगिती मिळाली. पुढे एकतर्फी निकाल रद्द झाला, दावा नव्याने चालला. गेंदाबाईच्या नवऱ्याच्या नावाचे कागद पेटीच्या तळाशी सापडले आणि चुलत दिराचा दावा फेटाळला गेला. या सगळ्याला तीन वर्षे लागली. त्या तीन वर्षांत ज्या तारखांना साक्ष किंवा युक्तिवाद होता, त्या प्रत्येक तारखेला ताई मागच्या बाकावर होत्या. गेंदाबाई आजही त्याच घरात राहते.

पण ताईंचे काम गेंदाबाईपाशी संपले नव्हते. त्याच मंगळवारी दुपारी, जेवणाच्या सुटीत त्या बार रूममध्ये आल्या. फलकावरचे पान स्वतःच्या हाताने काढले. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “दो मिनट चाहिए.” डबे उघडे होते, चहा फिरत होता. हळूहळू सगळे गप्प झाले. ताईंनी कोणती ओळ चुकली, बरोबर काय आहे आणि ती चूक कशी झाली, हे तिन्ही उभे राहून वाचून दाखवले. शीर्षक होते ‘मेरी गलती’.

एक ज्येष्ठ वकील समजावणीच्या सुरात म्हणाले, “मैडम, इतनी-सी बात के लिए आप आईं? अगले महीने एक लाइन लिख देतीं.”

ताई म्हणाल्या, “वकील साहब, जिसने ये पढ़ लिया है, वो अगले महीने तक किसी और को लौटा देगा.” मग त्यांनी विचारले, “इसे पढ़कर किसी ने किसी को लौटाया है क्या? मुझे नाम नहीं चाहिए. बस आज शाम को मुझसे मिल लीजिए.”

मी हात वर केला. माझ्या पाठीमागे, खिडकीपाशी, माझ्याच वयाच्या आणखी एका वकिलाने खूप हळू हात वर केला.

त्याचा पक्षकार नागद्याचा एक शिंपी होता, आणि त्याचे तीस दिवस नऊ दिवसांपूर्वीच संपले होते. आता एकच मार्ग होता : चुकीच्या सल्ल्यामुळे उशीर झाला, हे न्यायालयाला सांगायचे. ताई म्हणाल्या, “सल्ला कुठून आला हे मी शपथेवर सांगते.” प्राचार्यांना हे कळताच त्यांनी ताईंना बोलावून घेतले. संस्थेचे नाव न्यायालयाच्या कागदावर येईल, लोक हसतील, आणि पुढच्या वर्षी ताईंनाच प्राचार्य करण्याचे चालले आहे, हे सगळे त्यांनी सांगितले. ते भले गृहस्थ होते, ताईंचे हितच पाहत होते. ताईंनी ऐकून घेतले, त्यांचे आभार मानले आणि दुसऱ्या दिवशी प्रतिज्ञापत्र केले. त्यात लिहिले होते की मी अमुक महाविद्यालयात इतकी वर्षे कायदा शिकवते, वकिलांसाठी मी लिहिलेल्या टिपणात ही ओळ चुकीची होती, आणि तिच्यावर विश्वास ठेवल्यामुळे या माणसाला परत पाठवण्यात आले. न्यायाधीशांनी ते दोनदा वाचले. शिंप्याचा उशीर माफ झाला.

ताई प्राचार्य झाल्या नाहीत. त्याबद्दल मी एकदा खंत व्यक्त केली तेव्हा त्या म्हणाल्या, “मला बैठका आवडतच नाहीत रे,” आणि विषय बदलला. त्यांना वाईट वाटले नसेल असे मी म्हणणार नाही. निवृत्तीच्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीच्या दारावरून जाताना त्या क्षणभर थांबल्या होत्या, हे मी पाहिले आहे.

त्यानंतरच्या प्रत्येक पानावर तळाशी एक चौकट येऊ लागली : ‘इस पन्ने में क्या नहीं है’. जागेअभावी काय गाळले, मूळ कायद्यात कुठे पाहायचे, हे त्यात असते. कधी कधी ही चौकट मजकुराहून मोठी होते आणि पान मागच्या बाजूवर जाते. ताईंनी ते खुशाल जाऊ दिले. आम्ही वकील आता आधी ती चौकट वाचतो. मी स्वतः त्या दिवसापासून मूळ कायदा उघडल्याशिवाय कोणालाही ‘काही होऊ शकत नाही’ असे सांगितलेले नाही. हा नियम ताईंनी मला कधी सांगितला नाही, आणि त्यांनी मला त्या चुकीबद्दल एकदाही बोल लावला नाही. उलट त्या दिवसांत मी वकिली सोडून बँकेच्या परीक्षा देण्याचे मनात आणले होते, तेव्हा त्यांनी माझ्या आईकडून ते काढून घेतले आणि मला घरी बोलावले. साबुदाण्याची खिचडी पुढे ठेवली आणि म्हणाल्या, “चूक करून पळालास तर तुझ्या जागी येणारा पुन्हा तीच चूक करेल. तू आता ती करणार नाहीस. मग तुझं तिथं असणं बरं की नसणं?” उत्तर त्यांनी मागितले नाही. खिचडी मात्र दुसऱ्यांदा वाढली.

नवे फौजदारी कायदे लागू झाले तेव्हा आमच्यासारख्या मध्यमवयीन वकिलांनी कपाळाला हात लावला. सगळी कलमे बदललेली, सगळे क्रमांक नवे. वकिलांसाठी एक प्रशिक्षण वर्ग ठेवला गेला. मी जरा उशिरानेच पोहोचलो. पाहतो तर पहिल्या बाकावर, नव्याने सनद घेतलेल्या मुलामुलींच्या मध्ये ताई बसलेल्या. शिकवणारे त्यांचेच एकेकाळचे विद्यार्थी. ते अवघडून म्हणाले, “मैडम, आप यहाँ?” ताईंनी वही उघडत सांगितले, “तुम शुरू करो. मुझे भी नया आता नहीं.” तीन दिवस त्या आल्या, शंका विचारल्या, एकदा तर फळ्यावरची चूक दाखवून दिली, आणि स्वतःच्या दोन चुका दुरुस्त करून घेतल्या. ज्यांना सगळे येते असे आम्ही इतकी वर्षे धरून चाललो होतो, त्या व्यक्तीला वयाच्या त्या टप्प्यावर पुन्हा विद्यार्थी होताना पाहिले, आणि माझ्यासारखे कितीतरी जण आपापल्या वह्या मुकाट्याने उघडून बसले.

आता ‘पेशी से पहले’ मोबाइलवर येते आणि जिल्ह्याबाहेरही वाचले जाते. ताईंच्या एका डोळ्याचे ऑपरेशन झाले आहे, म्हणून मजकूर त्या सांगतात आणि कोणी ना कोणी टिपून घेते. महाविद्यालयातले तिघे तरुण प्राध्यापक, ग्रंथालयातल्या एक सहायक आणि आम्ही काही वकील आळीपाळीने पाने लिहितो. ती ताईंसमोर वाचून दाखवावी लागतात. त्यांच्या कपाळाला आठी पडली की आम्ही वाक्य खोडतो.

ताईंनी वयाची पंचाहत्तर वर्षे पूर्ण केली. त्यांच्या डोळ्यांना स्वच्छ दिसत राहो, त्यांचे गुडघे त्यांना हवे तिथे नेत राहोत, आवाजातली धार आणि माया दोन्ही तशाच टिकोत, आणि अनेक वर्षे त्यांच्यासमोर भीत भीत कागद धरून उभे राहण्याचे भाग्य आम्हांला मिळत राहो, हीच महाकालाच्या चरणी प्रार्थना. पुढच्या महिन्यापासून त्या नव्या साक्ष कायद्यावर दर बुधवारी दुपारी कनिष्ठ वकिलांसाठी वर्ग घेणार आहेत. मी आता कनिष्ठ राहिलेलो नाही, तरी यादीत नाव घालायला गेलो. ताईंनी यादीवरून बोट फिरवत मला सांगितले, “उशिरा यायचं नाही. दोन वाजता दार लावते.”

पावणेदोनला मी तिथे असेन.